लवंगतेलाचा बोळा

धसई,
१७ जानेवारी १९९९

चि. जयास,
वहिनीचे अनेक आशीर्वाद. आदेशरावांना नमस्कार. पत्र पोचलं. इकडे सगळे ठीक. वाल यंदा चांगला आलाय.

बाळाच्या सर्दीचं विचारलंस. सहा महिन्यांच्या पोराच्या नाकाला, छातीला निलगिरीचं तेल लावू नकोस, शेजारीण काहीही सांगू दे. कापूरसुद्धा नको. तान्ह्याचा श्वास अडकतो. सरळ डॉक्टरला दाखव. तुझ्या पाठीला लावायचं तर चमचाभर खोबरेलात दोन थेंब, तेही आधी मनगटावर लावून बघ. डोळ्यांना हात नको, पोटात थेंब नको, आणि बाटली वरच्या फळीवर.

हे मला कोणी पढवलं ते तुला ठाऊक आहे. मी नवी नवरी, तू दाढ धरून ओट्यावर रडत बसलेली, आणि तुझे बाबा काडीला कापूस गुंडाळून लवंगतेलात जेमतेम टेकवायचे. “जिभेला लागंल गो, मोठा आ कर. गिळू नको, थुंक.” तू मेली त्यांचं बोटच चावायचीस. घरभर लवंगेचा वास राहायचा. ते दिवस मला फार आठवतात.

सगळे ठीक लिहिलं खरं, पण तसं नाही. दिवाळीत बाबांनी समईत निलगिरीचं तेल ओतलं. भडका उडाला, भिंत काळी झाली. देवांना सर्दी झाली म्हणून आम्ही हसलो. आता हसत नाही. तुझ्या दादाला ते ओळखत नाहीत. मला विचारतात, “बाई, तुमी कुठल्या गावच्या?” बाटल्या मी कुलपात ठेवल्यात.

परवा माझीच दाढ ठणकली म्हणून लवंगतेल काढलं. झाकण उघडलं आणि बाबा खाटेवरून उठले. काडी शोधली, कापूस गुंडाळला आणि दारात जाऊन उभे राहिले. “जया कुठं गेली गो? दाढ दुखते तिची, अजून आली नाय.”

तू मनाने लग्न केलंस तेव्हापासून ज्यांनी या घरात तुझं नाव घेऊ दिलं नाही, ते हे बोलले. मी चुलीपाशी बसून रडले. त्यांचा राग गेला गं, कशाचा होता तेही गेलं. तुझी दाढ तेवढी राहिली आहे. तीही किती दिवस राहील, कोण सांगणार?

बाळाला बरं वाटलं की लगेच ये. माफी मागू नकोस, काही समजावू नकोस. त्यांच्यासमोर बस आणि मोठा आ कर.

त्यांच्यासोबत दारात उभी,
तुझी सरितावहिनी