झोपलीय म्हणून सांगितलं

११ फेब्रुवारी, बुधवार

आली! नात आली! पंधरा दिवस माझ्याकडे! एवढी मोठी सर्जन, पण बॅग बघाल तर शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी.

तिचा बाप फोनवर म्हणाला, "आई, तिला फार प्रश्न विचारू नकोस." घ्या! मी कधी विचारते? हाच लहानपणी इतकं विचारायचा, की बाईंनी याला वर्गाबाहेर उभं केलं, तर तिथे शिपायाला विचारत बसला. असो.

ही वहीही नातीचीच. डॉक्टरीच्या पहिल्या वर्षाची. पुढे आतड्यांची चित्रं, मागे कोरी पानं. तिच्या अक्षरापेक्षा माझं चौथीचं अक्षर बरं!

आल्या आल्या हात धुतले. कोपरापर्यंत, घासून घासून. मग हात वर धरून उभी, पाणी ठिबकतंय. म्हटलं, "अगं टॉवेल घे, पोलीस नाही आले." हसली. डोळे काही हसले नाहीत.

मग मोबाइल माझ्या हातात दिला. "आजी, हा तुझ्याकडे. कुणाचाही आला तरी मला देऊ नकोस." पिठाच्या डब्यावर ठेवलाय.

१२ फेब्रुवारी

झोपली. दोनदा जाऊन श्वास बघून आले.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज पाटावर माझ्याशेजारी बसून भाजी निवडली! मला किती बरं वाटलं, काय सांगू. वर्षानुवर्षं ही पोर यायची ती उभ्या उभ्या, आणि चहा अर्धा टाकून पळायची.

पण भांडी आवरताना चमचे मोजले. एकदा, मग परत एकदा. म्हटलं, "चोरलाय कुणी, मीच का?" चमचे तसेच टाकून आत गेली. मेली माझी जीभ!

दुपारी मोबाइल वाजला. त्यांच्या ऑपरेशनच्या खोलीतली मोठी सिस्टर. "आजी, डॉक्टर आहेत का?" मी म्हटलं, झोपलीय. आतल्या खोलीत पंखा चालू होता, म्हणजे झोपलीच असणार.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज बोलली. मी विचारलं नव्हतं! चादरीच्या घड्या घालत होतो, एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. घडी हातात तशीच धरून बोलत राहिली.

पोट उघडतात तेव्हा रक्त टिपायला कापडाच्या घड्या आत ठेवतात. शिवण्याआधी सगळ्या मोजून घ्यायच्या. त्या दिवशी एक कमी भरली. ही आदल्या सकाळपासून उभी, मधे पाठ टेकली नाही. सिस्टर म्हणाली, "मॅडम, एक कमी आहे." ही ओरडली, "मी मोजल्यात, दोरा दे!" सिस्टरने दोरा दिला नाही. हात मागे बांधून उभी राहिली. म्हणाली, "नाही देणार."

घडी आतच होती. आतड्यामागे.

"आजी, तिने दोरा दिला असता तर मी शिवलं असतं गं."

मी चादर परत उलगडली, परत घडी घातली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सिस्टरचा तिसरा फोन. मी आपलं तेच, झोपलीय. तर म्हणाली, "मग एवढा निरोप द्या. तो पेशंट आज घरी गेला. चालत गेला. आणि सांगा, मी रागावलेली नाही."

मी "बरं बरं" म्हटलं.

सांगितलं नाही. संध्याकाळी सांगू म्हटलं, तर ती इतकी छान हसत होती — शेजारणीची नक्कल करत होती, "आजी, लग्नाचं काय, लग्नाचं?" — हुबेहूब! म्हटलं, उद्या.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

उद्याचा परवा झाला.

खरं लिहिते, इथे कोण वाचतंय? निरोप दिला तर तिच्या छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला की ही जाईल. म्हणून जीभ उचलत नाही.

आणि आज म्हणाली, "आजी, मी हे सगळं सोडलं तर? राजीनाम्याची चिठ्ठी लिहून ठेवलीय. सोमवारी पाठवते." मला आतून गुदगुल्या झाल्या! इथेच राहील, दोघी भाजी निवडू, सकाळी फिरायला जाऊ... तोंडाने म्हटलं, "तुझं तू बघ." आणि पातेलं उगाच घासत बसले. स्वच्छच होतं ते.

२२ फेब्रुवारी, रविवार

सांगून टाकलं.

सकाळी शेजारीण आली, तिचा अंगठा चिरलेला. नातीने तिला खुर्चीत बसवलं, बोट धरून पट्टी बांधायला घेतली, आणि बाई गं, काय तो पोरीचा चेहरा! आठ-दहा दिवस घरात वावरत होती ती कुणी दुसरीच. शेजारीण लग्नाचं विचारायचं विसरली, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

ती गेल्यावर म्हटलं, "खाली बस. तुझ्या आजीने चोरी केलीय." सगळं सांगितलं. तीन फोन, निरोप, चार दिवस दडपून ठेवला तो.

"चालत गेला?" एवढंच म्हणाली. आणि जी रडली... मी नुसती पाठीवर हात ठेवून बसले. मग उठून तिनेच पिठाचा डबा गाठला. सिस्टरशी तासभर बोलली. मी मुद्दाम नळ सोडून ठेवला, ऐकू येऊ नये म्हणून.

मला एका शब्दाने बोलली नाही. रागावलीच असणार. मी तरी रागावले असते.

२५ फेब्रुवारी, बुधवार

गेली. चिठ्ठी पाठवली नाही.

रिक्षात बसताना कानाशी येऊन म्हणाली, "आजी, तू झोपलीय म्हणून सांगायचीस ना, मी जागीच असायचे. दाराआड उभी राहून ऐकायचे. डॉक्टरीच्या नऊ वर्षांत माझ्या वतीने कुणी कुणाला नाही म्हटलं नव्हतं गं. आता मोठ्या डॉक्टरांना पहिलं हेच सांगणार — सलग दुसरा दिवस उभी राहणार नाही. माझं मी सांगणार."