रुमिनीची बिनजाळाची चूल

८ ऑगस्ट, सोमवार

वाचलो! नमाज पढून घरी आलो तर दारातच गॅसचा भपकारा. वाऱ्यानं शेगडी विझलेली, कॉक उघडाच — आणि आमची रुमिनी शेजारी पाटावर बसून निवांत पालेभाजी निवडतेय! पुन्हा पेटवायला लायटर उचलतच होती. मी असा ओरडलो की भाजीची टोपली उलटली. तर मलाच म्हणते, "अहो, भूत दिसलं का?"

सिलिंडर अंगणात नेऊन ठेवला.

९ ऑगस्ट

सुरबायाहून एंदाहचा फोन. पोरीचं तोंड सुटलं की सुटलं. "बाबा, दोन महिन्यांत दुसऱ्यांदा! आईला विसर पडायला लागलाय, तुम्हालाच दिसत नाही. मी येऊन घेऊन जाते तिला. आणि स्वयंपाक आजपासून बंद!"

स्वयंपाक बंद केला तर रुमिनीत उरेल काय? अख्ख्या गल्लीच्या कार्याचं मोठं पातेलं तिच्याशिवाय चुलीवर चढत नाही. म्हटलं, पोरी, गॅसच घराबाहेर काढतो. विजेची शेगडी आणतो. तरी काही झालं, तर ये आणि घेऊन जा.

बोलून तर बसलो. चव्वेचाळीस वर्षांत मी एकटा कधी झोपलेलो नाही.

१४ ऑगस्ट, रविवार

शेगडी आली. काळी काच नुसती. जाळ नाही, आवाज नाही. भांड्याला लोहचुंबक चिकटला तरच ते चालतं म्हणे. फ्रिजवरचा चुंबक घेऊन सगळी मांडणी पालथी घातली — एकूण एक ॲल्युमिनियम, सगळी नापास! रुमिनी फणकारली, "माझ्या सासूच्या कढईला नापास करणारी ही टिकली कोण?"

त्यात विजेच्या कुकरात भात लावला, इस्त्री लावली, शेगडी नुसती लावून बघितली की खटका पडतो. घरात अंधार. भिंतीपलीकडून शेजारच्या बू दार्मी ओरडतात, "आधी ठरवा हो, भात खायचाय की कपडे घालायचेत!"

१५ ऑगस्ट

रुमिनीचा हुकूम: नवी चूल मालकिणीच्या जन्मवारीच सुरू करायची, म्हणजे गुरुवार लेगी — आमच्या पाच दिवसांच्या चक्रातला लेगी ज्या गुरुवारी येतो तो. आणि स्लामेतान घालून, म्हणजे प्रार्थना करून गल्लीला जेवू घालूनच! तोवर खाणावळीचं जेवण. बरं बाई.

१८ ऑगस्ट, गुरुवार

काय लिहू.

सकाळीच तिनं नारळाचं दूध काढून ठेवलं. मग खटका पडायला लागला तो थांबेना. वीजवाला येईपर्यंत दुपार टळली. उकाडा मरणाचा. बू दार्मी मदतीला आल्या तर त्यांना परत पाठवलं — "नव्या चुलीवर पहिला हात माझा एकटीचा!" कोंबडीचा रस्सा केला. स्लामेतानचं जेवण प्रार्थनेआधी चाखायचं नसतं, सगळा अंदाज वासावर. आमच्याकडच्या बायका असंच करतात आणि रुमिनी त्यात पहिली.

प्रार्थना झाली. पहिला घास घेतला — रस्सा आंबलेला! नारळाचं दूध नासलेलं.

चटईवर वीस माणसं. कुणी तोंड वाकडं केलं नाही. "छान झालंय हो," म्हणाले, घरी न्यायचे पुडेही घेतले. निघताना बू दार्मींनी माझा हात धरला. "तिला बोलू नका हं." डोळे भरले होते त्यांचे.

म्हणजे एंदाहचंच खरं. सकाळचं दूध उकाड्यात नासणार, हेही रुमिनीच्या लक्षात राहिलं नाही.

१९ ऑगस्ट

एंदाहला कळवलं. रविवारी येतेय. रुमिनीला सांगायचा धीर होत नाही. ती नवा तवा घासतेय. गुणगुणतेय!

२० ऑगस्ट

कपाटामागे उरलेल्या दुधाचं पातेलं सापडलं. घाण सुटली होती. वाटीत थोडं घेऊन तिच्यापुढे धरलं. म्हटलं, हुंग गं जरा.

तिनं नाक वाटीशी आणलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. माझ्या तोंडावर उत्तर शोधत होती. मग म्हणाली, "चांगलं आहे की."

माझ्या हातून वाटी पडली.

२१ ऑगस्ट, रविवार

विसरत नाहीये ती! वास येत नाही तिला. दोन वर्षांपूर्वी मोठा ताप येऊन गेला, तेव्हापासून. "गॅसच्या जाळाच्या आवाजावर सगळा स्वयंपाक करत होते," म्हणाली आणि रडली. "नाक गेलेल्या बाईला पातेल्यापाशी कोण बोलावेल हो?" वेडी कुठली! मीपण रडलो.

एंदाहला फोन केला — ये, पण जेवायला ये. आईला न्यायला नको.

आत्ताच आतून हाक आली. "अहो, इकडे या, नारळाचं दूध हुंगा."