घोडीवाले मास्तर

मास्तर, नात लिहिते आहे आणि मी सांगते आहे. मला अक्षर येत नाय हे तुमाला ठाऊक आहे, तुमी एकदा शिकवायला बसला होतात आणि मी म्हटलं होतं, या वयात घोडा येईल पण अ येणार नाय. खरं निघालं. नात विचारते, पत्ता काय घालू. मी म्हटलं, आधी मजकूर तर होऊ दे.

सापगावच्या पुढं मुरबाडच्या रस्त्याला तो तबेला नवीन निघाला तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली. किन्हवलीहून एसटीनं यायची, लीद काढायची, पाणी भरायची. तुमी आठवड्याचे पाच दिवस घोड्यांना खरारा करायचात आणि शनिवार-रविवार मुंबईच्या पोरांना शिकवायचात. बूट चकचकीत, मिशी पिळलेली, गळ्यात शिट्टी. कुणी विचारलं की सांगायचात, मिलिट्रीत होतो, घोडदळात. पोरांचे बाप ऐकून सरळ उभे राहायचे. पण तुमची शिकवायची तऱ्हा मिलिट्रीची नव्हती, हे मला पयल्या महिन्यात दिसलं होतं. पयल्या दिवशी पोराला घोड्यावर बसवायचंच नाय. नुसता दोर हातात देऊन पटांगणाला पाच फेऱ्या चालवायचं. मग खूर उचलून त्यातली माती काढायला लावायची. पोरगी रडकुंडीला येऊन म्हणायची, मी बसणार कधी? तुमी म्हणायचात, "घोडीनं तुला बघून घेतलं की. तिला घाई नाय, तुला कसली?" बसल्यावर गुडघा आणि खोगीर यांच्या मधी पळसाचं पान. ज्याचं पान पडेल त्यानं हौद घासायचा. त्या दिवसांत मला हौद घासायचं कामच नव्हतं, म्हणून तुमची पद्धत मला फार आवडायची.

नंतर शिकवायला मॅडम आली. मोठ्या क्लबात शिकलेली, भिंतीवर सर्टिफिकीट लावलेलं. ती वाईट नव्हती हो. टोपी घातल्याशिवाय कुणाला चढू द्यायची नाय, आणि तिचे घोडे कसे रांगेत दुडकी चालायचे. ती तोंडानं मोजायची, वर-खाली, वर-खाली, आणि पोरं तशी उठायची बसायची, भातुकलीतल्या बाहुल्यांसारखी. तुमी कडेला उभे राहून बघायचात आणि मला हळूच म्हणायचात, "बाय, घोडी काय म्हणते ते कुणी विचारलं का?"

माझ्या थोरलीचं लग्न किन्हवलीला झालं, तुमी आलात. नवरदेवाची घोडी वरातीत फटाक्यांना बुजली, पुढचे पाय उचलले, जावई मानेला मिठी मारून बसला. घोडीवाल्या माणसाला काय सुचेना. तुमी जेवणाच्या पंगतीतनं उठलात, उष्ट्या हातानंच. तिच्या डोळ्यावर डावा तळवा ठेवलात, तिच्या कानाशी काहीतरी बोललात, आणि जावयाला म्हणालात, "पाव्हणं, हात हितं मानेवर ठेवा. तिचा श्वास मोजा. वीस झाले की मला सांगा." जावई मोजायला लागला आणि घाबरायचं विसरला. घोडी पण विसरली. तेवढ्यात बँडमधला ताशेवाला म्हातारा पुढं आला, "अहो, तुमी कल्याणचे घोडीवाले ना? वीस वर्सं वरातीला आपण संगतीनं चाललो." तुमी त्याच्याकडं बघितलं नाय. माझ्याकडं बघितलं. मग म्हणालात, "भात गार होतोय, चल."

मला तेवढं पुरे होतं. मिलिट्री-बिलिट्री काय नव्हतं. तुमी नवरदेव शिकवले होते. एका संध्याकाळी, एका गल्लीत, डोक्यावर फटाके आणि कानाशी बँड, आणि जन्मात घोड्यावर न बसलेला माणूस वर. एकाला पडू दिलं नाय. यापेक्षा मोठी शाळा कुठल्या घोडदळात असेल?

पण माझी जीभ. लग्नानंतरच्या सोमवारी मालक आणि मॅडम तबेल्यात चहा पीत होते. मालक म्हणाले, आपले मास्तर म्हणजे शिस्तीचं मिलिट्रीतलं माणूस. आणि मी लीद भरता भरता म्हटलं, "कसली मिलिट्री साहेब, मास्तरांनी घोडी घेऊन कल्याणमधली निम्मी लग्नं लावलीत." सगळे हसले. मी पण हसले. मला वाटलं, चेष्टा झाली, संपली. पण मालकांनी चौकशी केली. पोरांचे आईबाप सर्टिफिकीट विचारायला लागले होते, वरातवाल्याकडं कोण पोर पाठवणार? पुढच्या शनिवारी शिट्टी मॅडमच्या गळ्यात होती. आणि तुमी, बूट तसेच चकचकीत, फावडं घेऊन माझ्यासमोर उभे. म्हणालात, "बाय, कुठल्या कोपऱ्यातनं सुरू करू?"

कुणी सांगितलं, हे तुमी कधी विचारलं नाय. मी कधी सांगितलं नाय. एकदाच तुमी आपणहून म्हणालात, "वरातवाला म्हटलं की पोरं हसतात. हसणारं पोर ऐकत नाय, म्हणून मिलिट्री सांगितली." मी मान खाली घालून झाडत राहिले.

मग दुपारी, मॅडम जेवायला गेली की, तुमाला शिकवायला कुणी उरलं नव्हतं म्हणून तुमी मला धरलं. मी म्हटलं, लोक काय म्हणतील? तुमी म्हणालात, "काष्टा आहे, खोगीर आहे, लोक जेवायला गेलेत." पयले आठ दिवस नुसतं उतरायला शिकवलं. "उतरता आलं की बसायची भीती जाते, बाय." म्हातारी करडी घोडी, मी पण तशीच. मी ओरडले तर तुमी रागवायचात नाय, काहीतरी काम द्यायचात. तिचा डावा कान कुठं फिरतो सांग. तिच्या पोटात किती वेळा गुरगुरतं मोज. एक दिवस मोजता मोजता मी दुडकी चालले, आणि तुमी हसून मिशी पुसलीत.

तुमी बहिणीच्या गावी राहायला गेलात आणि तिकडनंच तुमी वारल्याचा निरोप आला, त्याला आता किती वर्सं झाली ते मला मोजायचं नाय. पुढं मॅडम घोड्याला घाबरलेली पोरं माझ्याकडं पाठवायला लागली. मी त्यांना श्वास मोजायला लावायची. तिनं विचारलं, मावशी, हे कुठं शिकलात? मी म्हटलं, वरातीत. ती हसली नाय. "मलाही दाखवा," म्हणाली. दाखवलं, तुमचं नाव घेऊन.

आता जे सांगायला बसले ते. मालकाजवळ ते मी बोलले होते. तुमाला कळलं असणारच, तुमी घोड्याचं कळणारे, मग माझं कसं कळणार नाय? पण आजून एक आहे, ते तुमाला पण ठाऊक नसेल. नात थांबली, विचारते, हे पण लिहू का गो आजी? लिही. त्या शनिवारी तुमच्या हातात फावडं बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, रात्री भाकरी गेली नाय. पण मास्तर, त्याच्याच खाली, थोडंसं, बरं पण वाटलं होतं. वाटलं, आता दिवसभर बोलायला कोणीतरी आहे.