जिभेखालचा प्रवाह

४ मे
दक्षिण चिलीत, वाल्दिव्हियाच्या इस्पितळात रुजू झाले. उत्तरेत, इकिकेच्या वाळवंटात वाढलेल्या मला इथली हिरवळ डोळ्यांत मावत नाही. खोली नदीकाठी मिळालीय. खाली मासळीबाजार आहे, आणि फेकलेल्या माशांच्या आशेने आलेले समुद्रसिंह दिवसभर ढेकर दिल्यासारखे ओरडतात. अतिदक्षता विभागाची मुख्य नर्स नोल्फा, पन्नाशीची, आडव्या अंगाची. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "उत्तरेत तुम्हाला खायला घालत नाहीत का गं, डॉक्टर?" मग सफरचंदाच्या केकचा भला मोठा तुकडा हातावर ठेवला. मला ती आवडली.

७ मे
विभागप्रमुख डॉ. ओयार्सो यांनी काम समजावलं. मोठ्या झटक्यानंतर हृदयाचा पंपच बसतो. औषधांनी रक्तदाब वर आणता येतो, पण रक्त केसाहून बारीक वाहिन्यांपर्यंत पोचलंच असं नाही. ते बघायला पेनाएवढा कॅमेरा जिभेखाली धरायचा. पडद्यावर तांबड्या पेशी मुंग्यांसारख्या रांगेने पळताना दिसतात. बघत बसावंसं वाटतं.

१२ मे
होडीवाले म्हातारे एव्हारिस्तो मोठ्या झटक्याने दाखल झाले. औषधांनी रक्तदाब सुधारला, ओयार्सो खूश. पण हातपाय बर्फ, गुडघ्यांवर जांभळी जाळी. जिभेखाली पाहिलं तर पेशी जागच्या जागी उभ्या. मी बघत राहिले. त्यांनी हलावं असं फार वाटत होतं मला. आणि त्या हलल्या. म्हाताऱ्याने डोळे उघडले. मी कॅमेरा काढताच पुन्हा सगळं थिजलं, त्यांचा श्वास अडकला. लावला की चालू.
ओयार्सोंचं म्हणणं, नवख्या हाताचा दाब पडतो, त्याने प्रवाह थांबतो. पण ते तर उलटं झालं. त्यांनी स्वतः धरून पाहिला. काही हललं नाही.

१३ मे
दिवसभर धरून बसले. एव्हारिस्तोंची मुलगी एर्सिलिया माझ्या कोपराखाली आपला हात देऊन उभी होती, मला अवघडू नये म्हणून. संध्याकाळी माझी बोटं पांढरी पडली होती.

१६ मे
त्यांच्या हृदयाने जोर धरला. आता कॅमेऱ्याशिवायही प्रवाह आहे. एर्सिलियाने धुरावलेला मासा आणून दिला आणि माझे हात हातात घेतले, मग दचकून सोडले. इतके गार कसे, असं तिने विचारलं. मी हवेवर ढकललं; इथे मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड.

१९ मे
ओतिलिया बाई, निवृत्त शिक्षिका. तीच अवस्था. पुन्हा मीच धरला. पुन्हा पेशी चालल्या.
घरी अंघोळ करताना माझ्या गुडघ्यांवर जांभळी जाळी दिसली. गरम पाणी ओतत राहिले. ती गेली नाही.

२१ मे
नोल्फाने माझी नखं पाहिली आणि फैलावर घेतलं. मी थंडी म्हणाले. ती म्हणाली, "थंडी मी इथे जन्मापासून बघतेय. ही थंडी नाही."
दुपारी ओतिलिया बाईंनी माझं मनगट धरून कॅमेरा बाहेर काढला. शब्द जुळवत म्हणाल्या, "पोरी, हे तुझ्यातलं येतंय माझ्यात. कळतंय मला. पुरे आता." मी हट्ट केला. त्यांनी वर्गातल्या द्वाड मुलीकडे बघावं तसं बघितलं आणि दात घट्ट मिटून घेतले. शेवटपर्यंत उघडले नाहीत.
हात मात्र माझ्या हातात होता. दोघींपैकी कुणाचा जास्त गार, सांगता आलं नसतं.

२३ मे
जिना चढवला नाही. तपासण्या झाल्या. हृदय उत्तम, रक्तदाब उत्तम. ओयार्सो म्हणतात विश्रांती घ्या. मी त्यांना गुडघे दाखवले. ते मॉनिटरकडेच बघत होते.

२४ मे
आता मीच खाटेवर. ज्या विभागात कामाला आले, तिथेच. पाय माझे वाटत नाहीत. नोल्फा पाळी संपवून घरी गेली नाही. मी तिला सगळं सांगितलं. एव्हारिस्तो, ओतिलिया बाई, सगळं. चूक केली. तिने नीट ऐकून घेतलं. मग कॅमेरा कुठे आहे ते विचारलं.
मी नाही म्हणाले. दात मिटले. ओतिलिया बाईंसारखे —

२५ मे
डोळा लागला असावा. जाग आली ती उबेने. बोटांत, पायांत, कानांच्या पाळ्यांत ऊब. किती दिवसांनी —
तोंडात कॅमेरा. हनुवटीवर नोल्फाचा हात.
पडद्यावर माझ्या पेशी पळताहेत.
जिभेने ढकलते आहे. ती म्हणते, गप पड, आत्ता कुठे रंग येतोय तुला. तिचा हात गार. सांध्यांपर्यंत पांढरा.
दात मिटायला हवेत. मिटत नाही मी. ऊब हवीशी वाटते — देवा, हवीशी वाटते —
लिहून दाखवते तिला. सोड. नोल्फा, सोड.
ती वाचत नाही. पडद्याकडेच बघते आहे, हसून. तिचे ओठ —
नोल्फा