अकरा रिकाम्या ओळी

१९ नोव्हेंबर, मंगळवार
दुपारचे पावणेदोन

ती. ताईस,
सा. न.

इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा बरा आहे. माझा क्लास चालू आहे. कॉम्प्युटरवर एडिटरमध्ये नमुना देऊन ओळी कशा शोधायच्या, एकदा केलेलं काम मॅक्रोत साठवून शंभर वेळा कसं करून घ्यायचं, हेच सध्या पोरांना शिकवतोय.

तू तुझ्या हॉस्पिटलमधल्या वॉर्डची यादी नीट करायला दिली होतीस ना, ती मी घरी केली नाही. खोट्या फायलीत पोरांचं मन लागत नाही, म्हणून शुक्रवारी तीच वर्गात घेतली. प्रत्येक पेशंटच्या चार ओळी: खाट, नाव, औषध आणि एक रिकामी. ‘खाट’ शोधायचं, पुढच्या दोन ओळी तिला जोडायच्या, चौथी उडवायची. मॅक्रो सोडला आणि चुटकीसरशी यादी तयार. पोरांनी टाळ्या पिटल्या, मीही जरा शेफारलो.

मागच्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, "सर, रिकामी ओळ तर प्रत्येकाची उडवली. मग या अकरा कुठून उरल्या?"

"उगाच फाटे फोडू नकोस," म्हणालो आणि त्याही पुसून टाकल्या. संध्याकाळी यादी तुला पाठवली. तू ती छापून वॉर्डात लावलीस.

तिचा प्रश्न तेव्हापासून डोक्यातून जात नाही. जुनी फाईल उघडायची हिंमत होईना. तुला दोनदा फोन केला आणि "जेवलीस का" विचारून ठेवून दिला. आज उघडली. अकरा जणांच्या पाच ओळी होत्या गं. चौथीत कोणतं औषध चालत नाही ते लिहिलेलं होतं. तीच उडाली.

सहा नंबरच्या आजोबांना आज दोनपासून नवं इंजेक्शन आहे, असं काल तूच म्हणालीस. त्यांची उडालेली ओळ: पेनिसिलिन देऊ नये. ड्यूटीवर तू फोन उचलत नाहीस, मला आत सोडत नाहीत, म्हणून शिपायाच्या हाती हे पाठवतोय. खरं तर हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, पण तुझ्या नोकरीचं काय होईल, या भीतीने हात पुढे सरकेना.

पुढे वाचू नकोस. आधी सहा नंबरकडे धाव. बाकी दहा जणांचं मागच्या पानावर लिहिलंय. मोठ्या डॉक्टरांना सांग, चूक माझी आहे, मी बाहेरच आहे.

दाराशी बाकावर बसलेला,
तुझा भाऊ