शेंकिन अर्धेलीने

१९ मे, शनिवार
पशुखाद्याच्या दुकानात कार्ड लावून आले एकदाचं! चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. शेवटी सरळ लिहिलं — शेंकिन, पांढरं डोंगरी तट्टू, वय सतरा, स्वभावाने गरीब, खाण्यात हावरट. हलक्या अंगाच्या मुलासाठी अर्धेलीने देणे आहे. आठवड्यातले दोन दिवस. पैसे नकोत. बसायचं तेवढं राबायचं.

ह्यूने वाचलं आणि हसला. "सातातले दोन म्हणजे अर्धेली? कुठल्या शाळेत शिकलीस गं हिशेब?" म्हटलं, दोन त्यांचे, दोन लिनेडचे, तीन शेंकिनच्या विश्रांतीचे. झालं की अर्धं-अर्धं! नवऱ्याला तट्टात रस नाही, पण टोमणा मारायला बरोबर हजर.

त्याचं म्हणणं ठरलेलं आहे. नाताळपर्यंत बघायचं. तोवर शेंकिन कामाला लागून बारीक झाला तर राहील, नाहीतर विकायचा. "मला मेंढ्या बघायच्यात. पिंप सांभाळायला वेळ नाही." चुकतोय असंही नाही. मागच्या वर्षी दोनदा खुरं सुजली. या जातीला गवत जास्त झालं की खुरं आतून पेटतात, आणि तिसऱ्यांदा पेटली तर ते तट्टू पुन्हा धड चालेलच असं नाही.

लिनेडकडे विकायचा विषय काढायची सोय नाही. पंधरा वर्षांची घोडी झाली आहे आमची मुलगी, रिकिबीतले पाय पार खाली लोंबतात. तरी शनिवार-रविवार माझेच, म्हणते.

२४ मे, गुरुवार
पहिला फोन. गेथिन रीस — शाळेची बस चालवतो तो. मुलगी नऊ वर्षांची, मॅब्ली. "प्यूबाई, मला घोड्यातलं ओ की ठो कळत नाही. भीतीच वाटते खरं सांगायचं तर. पण ही तीन वर्षं जेवताना दुसरं बोलत नाही." म्हटलं, शनिवारी घेऊन या.

२६ मे, शनिवार
पोर आवडली. इतर मुलं येतात ती धावत जाऊन त्याच्या गळ्यातच पडतात. ही फाटकाशी उभी राहिली आणि शेंकिन येईपर्यंत हललीच नाही. तो आला, हुंगलं, बाही ओढली. मग हळूच म्हणाली, "काकू, खरारा कुठाय?"

बसायचं आधी विचारलं नाही! खरारा विचारला!

गेथिन पूर्ण वेळ भिंतीच्या पलीकडे. लिनेड दाराशी हाताची घडी घालून. निघताना मॅब्लीने विचारलं, "ताई, त्याला कुठे खाजवलेलं आवडतं?" लिनेड म्हणाली, शोध तुझं तू. मग दहा पावलं गेल्यावर वळून ओरडली, "आयाळीच्या खाली, उजव्या बाजूला!"

२ जून, शनिवार
कागद केला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, सगळ्यांसमोर, चहा आणि बेदाण्याचे तव्यावरचे केक खात. मंगळवार, गुरुवार मॅब्ली. शनिवार, रविवार लिनेड. मॅब्लीने लीद काढायची, पाणी भरायचं, आणि दर मंगळवारी खोगीर-लगाम धुऊन पुसून ठेवायचा. नालबंद आणि डॉक्टर माझ्याकडे. कुणालाही सोडायचं असेल तर चार आठवडे आधी सांगायचं. आणि बाहेरचं काही खायला घालायचं नाही.

"एक सफरचंदसुद्धा नाही?" मॅब्लीने विचारलं. त्यांच्या अंगणात झाड आहे. मी म्हटलं, अर्धंसुद्धा नाही.

ह्यूने नाताळची अट पोरीसमोरच सांगून टाकली. मी टेबलाखालून पाय मारला, पण सांगून झालं होतं. मॅब्लीने ऐकून घेतलं. मग जीभ बाहेर काढून, चार ओळी खाऊन सही केली.

गेथिनची बस पावणेपाचला रिकामी होते, म्हणजे इथे पाचला. "चालेल ना?" म्हणाला. म्हटलं, न चालायला काय झालं, दहापर्यंत लख्ख उजेड असतो!

३ जुलै, मंगळवार
पडली. उठली. पुन्हा बसली. गेथिन गाडीत तोंड झाकून.

१४ ऑगस्ट, मंगळवार
आज मॅब्ली चढावरून वरच्या नेच्याच्या झुडपांपर्यंत दौडत गेली आणि हसत परत आली. शेंकिनचे कान पुढे. बऱ्याच दिवसांनी पाहिले असे. लिनेडला हाक मारली, बघ तरी येऊन. "माझे दिवस वेगळे," म्हणाली आणि खोलीचं दार लावलं. या वयाचं काही विचारू नये.

१ सप्टेंबर, शनिवार
पोटाला फीत लावली. दोन बोटं वाढलाय. कसा काय? त्याचं कुरण तर मी कोंबडीलासुद्धा पुरणार नाही इतकं लहान ठेवलंय. फीत पुन्हा लावली. दोन बोटंच.

२ ऑक्टोबर, मंगळवार
अजून दीड बोट. मान तर चरबीने कडक लागतेय हाताला. परवा रविवारी लिनेडने त्याला अडीच तास फिरवलं, ओढ्याच्या उतारापर्यंत. परीक्षेचं वर्ष असून पोरगी चुकवत नाही, कौतुक वाटतं मला. एवढं काम करून वाढतो म्हणजे काय म्हणायचं!

३० ऑक्टोबर, मंगळवार
रविवारी हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केली. आज पाचला मॅब्ली आली तेव्हा अंगणात काळोख. मी खिडकीतून बघत राहिले. ती डोक्याला दिवा बांधून लीद काढत होती. मग खोगीर आणलं, आभाळाकडे बघितलं, परत नेऊन ठेवलं.

जूनमध्ये पाचपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. जन्म गेला आमचा इथे! दर वर्षी काळोख पडतो, दर वर्षी आम्हाला नवल.

६ नोव्हेंबर, मंगळवार
गेथिन बोलला शेवटी. टोपी काढून. "प्यूबाई, मार्चपर्यंत असंच चालणार. पोरीच्या वाट्याला नुसती लीद येतेय. एक रविवार सोडता आला तर? वाटलं तर एकाआड एक."

रास्त होतं, मलाही कळत होतं. लिनेडला विचारलं तर ती एवढी भडकली की बशी फुटली. "कागद आहे ना! सही आहे ना तिची!" मी गेथिनला तेच सांगितलं, जरा गोड करून. कागद म्हणजे कागद. तो बरं म्हणाला. मॅब्लीने माझ्याकडे बघितलं आणि बादली उचलली.

मला स्वतःचा राग आला, पण लेकीची बाजू घ्यावी लागते.

१२ नोव्हेंबर, सोमवार
डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. पुढची दोन्ही खुरं कोमट. अजून लंगडत नाही, पण काठावर आहे म्हणाल्या. "याला कुणीतरी चोरून चारतंय. गवत, सफरचंद, काहीतरी गोड. आणि हा कामाचा घोडा दिसत नाही मला." ह्यू शेजारीच उभा होता. संध्याकाळी लिलावाच्या तारखांचा कागद टेबलावर.

सफरचंद. रात्रभर तोच एक शब्द.

१३ नोव्हेंबर, मंगळवार
फाटकातच अडवलं मी मॅब्लीला. म्हटलं, किती सफरचंदं चारलीस? खोटं बोलू नकोस, झाड तुमच्याच दारात आहे. जूनमध्ये तूच विचारलं होतंस.

ती पांढरी पडली. "नाही काकू." मी म्हटलं, मग कुणी? भुतांनी? आणखीही बोलले, पाय सुजून तो मेला तर कुणाच्या नावाने रडशील असं काहीतरी. नऊ वर्षांच्या मुलीला! ती वळली. बस्स, गाडीत जाऊन बसली.

गेथिन खाली उतरला, आणि या वेळी टोपी डोक्यावरच. "माझी मुलगी खोटं बोलत नाही. चार आठवड्यांचं काय ते कागदात लिहा तुमच्या. आम्ही आजपासून येणार नाही."

१५ नोव्हेंबर, गुरुवार
लीद मी काढली. मग म्हटलं, मंगळवारचं खोगीर तसंच राहिलंय, पुसून टाकू. लगाम हातात घेतला. तोंडातल्या कडीला हिरवं, वाळलेलं, जाड थर. चघळलेलं गवत.

उभीच राहिले. लगाम चढवून फिरणाऱ्या घोड्याला गवत खायला मिळतं कधी? तोंडात कडी असताना मान खाली घालून, मिनिट-दोन मिनिटं नाही, तास-तास चरला तरच एवढं साचतं. आणि मंगळवारी मॅब्लीने लगामाला हात लावलेला नव्हता. शनिवार-रविवारचं होतं ते.

लिनेडसमोर लगाम ठेवला. काही विचारलं नाही. ती बघत राहिली आणि रडायलाच लागली, लहानपणी रडायची तशी, नाक गळेपर्यंत.

ऑगस्टपासून ती त्याच्यावर बसलेलीच नाही. "मी बसले की तो कुरकुरतो आई. पाठ खाली जाते त्याची. मला कळतं ना." म्हणून घरून खोगीर-लगाम चढवून निघायचं, ओढ्यापर्यंत हाताने धरून न्यायचं, तिथल्या दाट गवतात सोडायचं, शेजारी बसायचं. दोन तास, अडीच तास.

"मग सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर शनिवार-रविवार पण तिला दिले असतेस. मग माझा काय राहिला तो?"

ओरडायला तोंड उघडलं होतं मी. पण तिला जवळ घेतलं. माझ्यापेक्षा उंच झाली आहे, हनुवटी माझ्या डोक्यावर टेकते.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार
ह्यूला सगळं सांगितलं. तो बूट पुसत होता. मग लिलावाचा कागद घडी करून चुलीत टाकला. "नाताळ अजून आलेला नाही," एवढंच.

१७ नोव्हेंबर, शनिवार
लिनेडला घेऊन रीसांकडे गेले. वाटेत दोनदा वाटलं परत फिरावं. गेथिनने दार उघडलं, आत या म्हणाला नाही. मी पायरीवरच सांगितलं — चूक माझी. तुमच्या मुलीला नाही नाही ते बोलले. तिने काही केलेलं नव्हतं.

पुढचं लिनेडने स्वतः सांगितलं. आवाज फाटला मधेच, पण ओढा, गवत, सगळं सांगितलं.

गेथिनने ऐकून घेतलं. "मला नका विचारू. तट्टू अर्धेलीने तिने घेतलं होतं, मी तर भिंतीपलीकडे असतो." आणि आत हाक मारली.

मॅब्ली मोज्यांवरच आली. पहिला प्रश्न, "खुरं कशी आहेत त्याची?" म्हटलं, कालपासून गार आहेत. मग नवा कागद दाखवला. शनिवार-रविवार मॅब्ली, दिवसाउजेडी. मंगळवार-गुरुवारची लीद लिनेड. तिने सगळा वाचला, बोट ठेवून ठेवून. म्हणाली, पुढच्या शनिवारी येते.

केकचा डबा गेथिनने घेतला. चहा विचारला नाही. बरोबरच आहे.

२४ नोव्हेंबर, शनिवार
दहाला आली. तासभर चढावर जाऊन आली, लिनेड पायी बरोबर. नंतर दोघी लगाम धुवायला बसल्या. लिनेड पाणी आणायला गेली तेव्हा मी मॅब्लीला विचारलं — या कडीवरचं गवत तुला कधी दिसलं नाही का गं?

"दिसायचं की. सप्टेंबरपासून. दर मंगळवारी मीच घासून काढायचे."

मग त्या दिवशी मी एवढी बोलले, तेव्हा तरी सांगायचंस!

तिने कडी पुसून उजेडात धरून बघितली. "सांगितलं असतं तर ह्यूकाकांनी त्याला विकलं असतं. मग लिनेडताईला पण नसता मिळाला."