वेलमटोल्याची छोटी लाइन

१२ जानेवारी १९८६. कॅम्प वेलमटोला.
ताप उतरला. तीन दिवस वाया गेले. बब्बन मुकादमानं सकाळी पेज करून दिली, वर कांदा स्वतःच्या हातानं चेचून. "खाओ निमगडे बाबू, नहीं तो मशीन कौन देखेगा." ठेकेदाराचा माणूस, बालाघाटकडचा. झाडं तोडणाऱ्या मजुरांना दिवसभर शिव्या देतो, माझ्याशी मात्र चांगला. लेव्हलच्या, चढउतार मोजायच्या दुर्बिणीच्या, पेटीत मुंग्या शिरल्या होत्या, त्यापण त्यानंच काढल्या.
लाइनच्या खुंट्या साडेअकरा किलोमीटरपर्यंत आल्या. आता गाव. छोटी गाडी येणार इथून, अरुंद रुळाची. बांबू आणि लोखंडाचा दगड न्यायला. आमच्या सर्व्हेचे मुख्य पराडकर साहेब गावात सांगतात, माणसांसाठीही एक डबा लागेल. वाट दाखवणारा लालसू, चाळिशीचा गोंड, यानं विचारलं, "डब्यात कोंबडी नेऊ देते का?" साहेब हसले. मी हो म्हटलं. मले काय माहीत.

१४ जाने.
लाइन बरोबर लालसूच्या मोहाच्या झाडांवरून जाते. सात झाडं, आजाच्या वेळची. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कागदावर हिशेब करून पाहिला. चाळीस फूट पूर्वेकडे सरकलं तर एक वळण वाढतं, बस. झाडं वाचतात. साहेबांना दाखवलं.
"तुम्ही लेव्हल बघा, निमगडे. लाइन मी बघतो."
कागद घडी करून खिशात घातला. 

१६ जाने.
आज कापायला घेतली. लालसू पहिल्या झाडाला मिठी मारून उभा राहिला. "याचे फूल खाऊन आम्ही पावसाळ्यापर्यंत दिवस काढतो बाबू. हे नोको." बब्बननं दोनदा हटकलं. मग लाल-पांढऱ्या पट्ट्यांची आमची झेंड्याची काठी घेतली. खाली लोखंडी टोक असते तिला. पहिला फटका पाठीत, दुसरा कानावर. लालसूनं झाड सोडलं नाही. तिसऱ्याला सोडलं. कान फाटला, मानेवरून रक्त बंडीत उतरलं.
साहेब नकाशा पाहत होते. मी लेव्हलला डोळा लावून होतो. रीडिंग वहीत आहे, १.३८५. अक्षर वाकडंसुद्धा आलं नाही.
संध्याकाळपर्यंत दोन झाडं पडली.
रामटेके भाऊ, आमचे जुने खलाशी, साखळी-खुंट्या वाहणारे, भांडी घासता घासता म्हणाले, "तू बोलला असता त साहेबानं ऐकलं असतं."
"तुम्ही काऊन नाई बोलले?"
"मी खलाशी व्हय."

१९ जाने.
सकाळी तेवीस खुंट्या उपटलेल्या. कोणी, माहीत नाही. बब्बन तडक लालसूच्या घरात शिरला, मडकी फोडली, चूल लाथेनं उडवली. लालसूची बायको जैनी कोयता घेऊन दारात उभी राहिली.  बब्बन मागे सरला, परत येताना हसत होता.
साहेबांना म्हटलं, याला परत पाठवा. म्हणाले, पाच झाडं राहिली आहेत.

२३ जाने.
कालचं आज लिहितो.
दुपारचे तीन. जंगलातून नऊ जण आले, हिरवे कपडे, बंदुका. त्यातल्या तीन बाया. गावात दादालोक म्हणतात त्यांना, पेपरात नक्षलवादी. आतापर्यंत फक्त ऐकून होतो. गावाला आणि आम्हाला एकत्र बसवलं. म्होरक्या बारीक, चष्मेवाला, मराठी बोलताना तेलुगूची वळणं. त्यानं गावाला विचारलं, लालसूला कोणी मारलं. कोणी तोंड उघडलं नाही. लालसूला विचारलं. तो जमिनीकडे पाहत राहिला.
मग माझ्याकडे वळला. "तू शिकलेला आहे. कोणी मारलं?"
मी बोट दाखवलं.
माझ्यावर बंदूक नव्हती रोखलेली. हे लिहून ठेवतो, नाही तर पुढे मीच वेगळं सांगेन.
बब्बननं माझ्याकडे पाहिलं. "बाबू?" एवढंच.
कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं त्याला. आधी हात, मग गुडघे. एक बाई मोजत असल्यासारखी मारत होती, दमली की दांडा दुसऱ्याकडे देत होती. बब्बन आधी साहेबांचं नाव घेऊन ओरडला, मग आईचं, मग नुसताच. लालसू उठला. डोक्याला फडकं बांधलेलं तसाच पुढे गेला, म्होरक्याचा हात धरला. "बस दादा, मरल तो. मले मारलं न त्यानं? मी पाहून घेईन." त्याला ढकलून दिलं. तो परत उठला, परत हात धरला. तेव्हा थांबले.
लेव्हल, नकाशे, तंबू जाळले. साहेबांना म्हणाले, लाइन इथंच संपली. आणि गेले. सगळं मिळून अर्धा तास.
लालसूनंच बैलगाडी जुंपून दिली. बब्बनचं डोकं रामटेके भाऊंच्या मांडीवर. नाला यायच्या आधीच गेला. भाऊ पुढचे दोन तास तसेच बसून, मांडी हलवली नाही.

२४ जाने.
पोलीस आले. दोन ट्रक, एक जीप. आम्हालाही परत वेलमटोल्यात नेलं, ओळख पटवायला. गावातले सगळे बाप्ये धानाच्या बांधीत उन्हात उकिडवे बसवलेले, हात डोक्यावर.
जमादारानं मला बाजूला घेतलं. "निमगडे म्हणजे आपलाच न? जय भीम." मी जय भीम म्हटलं. "मंग खरं सांग. गावातले कोण होते त्यांच्यात?"
"कोणी नाई."
कानाखाली वाजवली. "कोण होते?"
"कोणीच नाई." मग पट्टा काढला. किती, ते आठवत नाही.
तेवढ्यात खुर्चीवरून साहेब म्हणाले, "तो फडकं बांधलेला. म्होरक्याचा हात धरून बोलत होता." खोटं काहीच नव्हतं त्यात. हात धरला होता, बोलत होता.
लालसूला ओढून काढलं. बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. उजवा हात मोडला तो आवाज मला ऐकू आला, एवढ्या लांबून. जैनी धावत आली तर तिचे केस धरून तिला बांधावर आपटलं. बाकीच्यांना एकेक करून. म्हाताऱ्यांनाही. एकजण उलटी करत होता, त्याचं तोंड त्यातच दाबलं.
मी ओरडलो, "जमादार साहेब, तो थांबवून राह्यला होता त्यांले! मारू नका म्हणत होता!"
जमादार वळला. "आं? तू त आता म्हणला, कोणीच नव्हतं."
 लालसूला ट्रकमध्ये टाकलं.

२९ जाने. बल्लारपूर.
घरी. रजा. डाव्या कानात सतत शिट्टी वाजते. बायकोनं, शोभानं, पाठीवर हळद लावली.
ऑफिसला रिपोर्ट दिला. उपकरणे जळाली, मुकादम मयत, काम बंद. साडेचार ओळी.

१ फेब्रु.
पिंकी अडीच वर्षांची. सकाळी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "बाबा!" माझा हात उठला. पूर्ण उठला. शोभानं मधेच धरला. पिंकी हसत राहिली, तिला खेळ वाटला.
नंतर शोभाला सगळं सांगितलं. बोटाचंही. ती कणीक मळत होती, मळून झाली तरी मळत राहिली.

६ फेब्रु.
जैनी आली. रामटेके भाऊंनी पत्ता दिला. दोन दिवस चालत आणि बसनं. कपाळावरची जखम अजून ओली. ओट्यावर बसली. शोभानं पाणी दिलं, ते घोटाघोटानं पिऊन मग म्हणाली, "कुठी ठेवला त्याले?"
पोलिसांनी गावातल्या कोणालाच सांगितलं नाही, लालसूला कुठं नेलं. जिवंत आहे का, हेही नाही.
शोभानं तिघांची ताटं वाढली. माझं ताट तसंच राहिलं. जैनी मात्र सगळं जेवली, ताट धुऊन ठेवलं.

८ फेब्रु.
चंद्रपूर. जैनीला घेऊन सकाळपासून फिरलो, दुपारी कळलं, जेलमध्ये आहे. मुलाखत मिळाली, दहा मिनिटं. जाळीपलीकडे लालसू. हात गळ्यात बांधलेला, फाटलेल्या कानानं ऐकूच येत नाही, म्हणून डोकं तिरपं करून बोलतो. ते दोघं गोंडीत बोलले. मग लालसूनं मला विचारलं, "किती कापले?"
"दोनच. पाच हायेत."
मान हलवली. म्हणाला, "तू काऊन दाखवला त्याले?"
मी काही तरी बोललो, विचारलं म्हणून, घाबरलो म्हणून.
"मले बी विचारलं," तो म्हणाला. "मी दाखवला का?"
शिपायानं वेळ झाली म्हटलं.

११ फेब्रु.
लालसूच्या जामिनासाठी वकिलांकडे गेलो. म्हातारे आहेत, शांत. सगळं ऐकून म्हणाले, "तुम्ही शपथेवर सांगितलं की लालसू मारणाऱ्यांना अडवत होता, तर जामीन मिळू शकतो. बाकी साक्षीदार बोलणार नाहीत. पण पुढचा प्रश्न येईलच. मुकादमालाच का मारलं, त्याला दाखवून कोणी दिलं? तेवढं गाळून चालणार नाही. अर्धं सांगितलं की सगळंच खोटं ठरतं."
"माझ्यावर केस होईल?"
"होऊ शकते. कदाचित नाहीही होणार."
घरी आलो तर ऑफिसचं पत्र. वीस तारखेपासून बंदोबस्तात काम सुरू, हजर व्हा. खाली पराडकर साहेबांच्या हातची ओळ, नवीन लेव्हल आली आहे, झालं गेलं विसरा.
शोभाला दोन्ही सांगितलं. तिनं पत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाली, "जा म्हणत नाई, नोको जाऊ पण म्हणत नाई. पण त्या दिवशी जैनीबाईसमोर तुमचं ताट तसंच राह्यलं, हे मी पाहलं."

१३ फेब्रु.
कोर्ट. अकरापासून बसलो होतो. कागद वकिलांनी टाइप करून आणला, तीन पानं. बोटाचं दुसऱ्या पानावर आहे, मधोमध. सही अजून करायची होती, आत, मॅजिस्ट्रेटसमोर. बाकावर एका टोकाला जैनी, मधे जागा, दुसऱ्या टोकाला एक पन्नाशीचा माणूस, धोतर, गळ्यात गमछा. त्यानं माझ्या हातातल्या कागदावर वेलमटोला वाचलं. म्हणाला, "हम बब्बन के बड़े भाई."
मी नमस्कार केला. तो उठला नाही. थकलेला होता.
"आप वहीं थे न? साहब तो मिलते नहीं. कोई बताता नहीं. गाँववालों ने नहीं दिखाया, पुलिस ने बताया. फिर उसको दिखाया किसने?"
शिपायानं माझं नाव पुकारलं. दोनदा.
आत गेलो. सही केली, तिन्ही पानांवर. कारकुनानं वाचून दाखवू का विचारलं, नको म्हटलं. तरी मोठ्यानं वाचून दाखवलं. दार उघडंच होतं, बाक दारालगतच.
बाहेर आलो. दोघं त्याच बाकावर, त्याच टोकांना. जैनीनं विचारलं, "आता सोडन त्याले?" बब्बनचा भाऊ माझ्याकडे पाहत होता. त्यानं गमछा काढून मांडीवर ठेवला, आणि हातानं बाकावरची मधली जागा झटकली.
मी बसलो.